कोणाचं आहे ते आधी सांग

सरांनी पहिल्या भेटीत माझं नावही विचारलं नाही. माझ्या गळ्यात हेडफोन होते, त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "कोणाचे आहेत?"

"चुलतभावाचे."

"त्याला सांगून आणलेस?"

मी म्हटलं, "सर, हेडफोन आहेत. तो पुण्याला असतो. त्याला आठवतही नसेल."

"म्हणजे नाही सांगितलं." सरांनी स्वतःचे हेडफोन माझ्यापुढे सरकवले. एका बाजूला चिकटपट्टी लावलेले, कानाला टोचणारे. "त्याला फोन कर, मग ते घाल. तोपर्यंत हे."

त्याच क्षणी उठून घरी जायला हवं होतं. मी गेले नाही, आणि पुढची तीन वर्षं त्या माणसाने माझं डोकं खाल्लं.

मी ठाण्याच्या नौपाड्यातली. साउंड इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केलेला, आणि त्याचं पुढे काय करायचं हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सरांचा स्टुडिओ म्हणजे कोपरीत, स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर, तळमजल्याचा एक गाळा. पूर्वी तिथे त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. पाटी अजून तीच होती, त्यामुळे दर आठवड्याला कोणीतरी आत डोकावून विचारायचं, "कॅसेट मिळतात का अजून?" सर म्हणायचे, "मिळतात, देत नाही."

ते हिपहॉपचे बीट बनवायचे. रॅपर ज्याच्यावर शब्द म्हणतो ते मागचं संगीत म्हणजे बीट. पण सरांना रॅपरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या चाळीतला एकजण बोटीवर नोकरीला होता, तो नव्वदच्या दशकात परत येताना अमेरिकेतल्या कॅसेटी आणायचा. सर दुकानात बसून त्या ऐकायचे. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, त्यामुळे कान आपोआप मागच्या वाजण्याकडे गेला. एका गाण्यात त्यांना जुन्या रेकॉर्डची खरखर ऐकू आली. दोन सेकंदांनी तीच खरखर, त्याच जागी, पुन्हा. आणखी दोन सेकंदांनी पुन्हा.

"तेव्हा मला कळलं," सर सांगायचे, "हे कोणी वाजवत नाहीये. हे उचललंय. कोणाच्या तरी जुन्या रेकॉर्डवरचे दोन सेकंद कापलेत आणि त्यावर अख्खं घर बांधलंय."

याला सॅम्पलिंग म्हणतात. सरांनी पुढे एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या माणसाकडून त्याच काळातलं एक यंत्र मिळवलं. हे सॅम्पलर म्हणजे टाइपरायटरएवढं धूड. त्याच्या पोटात एका वेळी फक्त दहा सेकंदांचा आवाज मावतो. मग तेव्हाचे लोक काय करायचे, तर रेकॉर्ड मुद्दाम जास्त वेगात फिरवायचे, म्हणजे तिचा आवाज कमी वेळात आत जाईल, आणि नंतर यंत्रात तो परत संथ करायचे. त्या उलटसुलट प्रकारात आवाजाला थोडी वाळू लागते. जाडसर, मातकट होतो. त्या काळच्या गाण्यांची सगळी गंमत त्या वाळूत आहे असं सरांचं ठाम मत होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये दहा सेकंदच काय, दहा तास मावत होते आणि वाळूही एका बटणावर मिळत होती. मी ते एकदा करून दाखवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान. बाजारातून आणलेलं पुरण."

"दहा सेकंदांत बसत नाही ते सांगण्यासारखं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते समजावून सांगायला त्यांना पाऊण तास लागायचा.

पंखा हा वेगळाच विषय. पंख्याचा एक सूर असतो आणि तो ऐकण्यात मिसळतो, म्हणून गाळ्यात पंखा बंद. ठाण्यात, मे महिन्यात, शटर अर्धं खाली. रेकॉर्ड लागली की ती बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, सुई उचलायची नाही. एकदा माझी आई बघायला आली, आपली मुलगी दिवसभर कुठे असते ते. सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. आई वीस मिनिटं पदराने वारा घेत एका परक्या माणसाकडे बघत बसली. बाजू संपल्यावर सर म्हणाले, "बोला." आई म्हणाली, "काही नाही, निघते." घरी आल्यावर तिने मला विचारलं, "अगं, ते आजारी आहेत का?"

आणि सगळ्याच्या वर तो एक प्रश्न. कोणाचं आहे? कोणाचं आहे ते आधी सांग. मी एखादा ढोलाचा ठोका आणला, टाळीचा आवाज आणला, की पहिला प्रश्न हाच. इंटरनेटवरून उतरवलाय म्हटलं की, "इंटरनेट वाजवत नाही. वाजवणारा कोण?" वर्तकनगरच्या एका शाळेतल्या बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. गॅदरिंगसाठी सात गाणी कापून एक करून हवं होतं. सर त्यांना म्हणाले, "सातही जणांना विचारलंत?"

"कोणाला?"

"गाणाऱ्यांना."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच पेनड्राइव्ह घेऊन त्यांना बाहेर रिक्षापर्यंत सोडून आले.

मी भांडायचे. "सर, तुमच्या त्या अमेरिकेतल्या लोकांनी कोणाला विचारलं होतं?"

"नव्हतं विचारलं. म्हणून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यांचं उचलण्यात चुकलं नाही, न सांगण्यात चुकलं."

ते स्वतः सांगायचे. कल्याणच्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला त्यांनी पत्र पाठवलं होतं, की तुमच्या अमुक रेकॉर्डवरचे तीन ठोके घेऊ का. त्याचं उत्तर आलं, "घ्या. पण आपण कोण?" यंत्रातला बीट ज्या फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे, त्या प्रत्येक फ्लॉपीवर बारीक अक्षरात नावं लिहिलेली: ढोलकी कोणाची, घुंगरू कोणाचे, खोकला कोणाचा. हो, एकात खोकला होता. तोही विचारून घेतलेला. या पद्धतीने मी तिथे असताना तीन वर्षांत नऊ बीट पूर्ण झाले. माझ्याबरोबर शिकलेली मुलं आठवड्याला नऊ करत होती.

हे असं का, ते मला गाळ्याच्या भिंतीवरून कळलं. तिथे एका कॅसेटचं कव्हर फ्रेम करून लावलेलं होतं. जयंतीच्या कार्यक्रमांत गाणारी एक पार्टी, गायकाचा मोठा फोटो, आणि खाली कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने एक नाव लिहिलेलं. छापलेलं नाही, हाताने.

"हे कोण?" मी विचारलं होतं.

"माझे वडील. ढोलकी त्यांची आहे. छापायचं राहिलं." सर वायर गुंडाळत होते. "दुकानात त्या कॅसेटी यायच्या तेव्हा मी प्रत्येक कव्हरवर लिहून मगच विकायचो. बाकीच्या दुकानांत काय करणार?"

खरं सांगायचं तर तेव्हा मला ते फार मोठं वाटलं नाही. छापायचं राहिलं, राहतं. आमच्या घरी कोणाचं नाव कुठे छापायचं राहिलेलं नव्हतं, म्हणून असेल.

मग ती हळदीची कॅसेट आली. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे टेपरेकॉर्डरच्या पोटात अडकलेली सापडली. कोणीतरी घरी रेकॉर्ड केलेली. एक बाई धवला म्हणते आहे. इथल्या आगरी लग्नांत नवरीला हळद लावताना धवलारीण धवले गायची, भटजींच्या जागी तीच लग्नही लावायची. बाईचा आवाज उंच, थोडा फुटलेला, आणि एका ओळीच्या शेवटी ती श्वास घेते तेव्हा तिच्या बांगड्या पितळेच्या भांड्यावर आपटतात. सरांनी नेमकी तीच जागा कापली. ओळीचं शेवटचं अक्षर, श्वास, बांगड्या. दोन सेकंद. त्याखाली ढोल ठेवले, यंत्राच्या सरळ रेषेत न बसवता हाताने वाजवून, जरा मागे रेंगाळणारे. आणि बाईच्याच आवाजातला वरचा भाग गाळून खालचा घुमारा ठेवला आणि त्याचा बेस केला.

मी तो बीट ऐकला. तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की या माणसाचा छळ सोसला ते फुकट गेलं नाही.

तेव्हाच अंधेरीची एक कंपनी आपल्या वेब सिरीजसाठी शीर्षकसंगीत शोधत होती. त्यांना तो नव्वदीतला मातकट आवाज हवा होता. मीच ओळख काढली, मीच त्यांच्या संगीत बघणाऱ्या गृहस्थांना कोपरीत आणलं. त्यांनी पंख्याविना घाम पुसत दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "हेच पाहिजे." सर म्हणाले, "बाईंना विचारून सांगतो."

"कोणत्या बाई?"

"ते अजून माहीत नाही."

शोध सुरू झाला. कॅसेटवर नाव नाही, गाव नाही. सर कानाला टोचणारे हेडफोन लावून चार दिवस ती कॅसेट ऐकत बसले, गाणं सोडून मागचं. मागे एक पुरुष हाक देतो, होडी सुटते म्हणून. आणि दोनदा मालगाडीचा भोंगा येतो. "जिथून होडीवाल्याची हाकही ऐकू येते आणि रेल्वेही, असं गाव," सर म्हणाले. मग नकाशा पसरून त्यांनी डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठाने चार गावांवर टिंबं दिली. हुशारी होती, नाही म्हणत नाही. पण त्या चारही गावांत मला बरोबर नेलं, मांडीवर टेपरेकॉर्डर आणि खिशात परवानगीचा कागद घेऊन.

पहिल्या गावात ओट्यावर बसलेल्या गृहस्थांनी कागद बघितल्याबरोबर विचारलं, "कंच्या बिल्डरचा मानूस?"

"बिल्डरचा नाही. गाण्याचं काम आहे."

"मंग सही कशाला पायजे?"

"परवानगीसाठी."

"ते पन असाच बोलले होते," गृहस्थ म्हणाले आणि आत गेले. दार लावून घेतलं.

दुसऱ्या गावात कोणी उभं केलं नाही. तिसऱ्यात चहा मिळाला, आणि गुंठ्याला काय भाव देणार तेही विचारलं गेलं. सर प्रत्येक ठिकाणी अगदी पहिल्यापासून सांगायचे, यंत्रात दहा सेकंद मावतात इथपासून. मी म्हटलं, "सर, कागद आत ठेवा, नुसती कॅसेट वाजवा." त्यांना ते पटलं नाही. आधी हेतू सांगायचा म्हणे.

चौथ्या गावात स्कूटर लावत असलेली एक तरुण सून थबकली. "ही तर आमची आजी!"

तीन मजली नवा बंगला, जिन्याला स्टीलची चकचकीत रेलिंग, आणि आजी खाली गाड्यांच्या जागेत पाटावर बसून वाल सोलत होत्या. हळदीला आता डीजे येतो, त्यामुळे त्यांचं गाणं सुटून पुष्कळ वर्षं झालेली. सरांनी टेप लावला. आजींनी थोडा वेळ ऐकलं आणि सुनेला विचारलं, "कोन गो ही? बरी गाते." मग हातातला वाल तसाच राहिला. "अगो, ही मीच!"

सरांनी खाली मांडी घातली. "आजी, यातला दोन सेकंदांचा तुकडा मी घेतलाय. त्याचं नवीन गाणं करतोय. तुमची परवानगी पाहिजे."

"घेतलाय तं घेतलाय. आता काय विचारतो?"

"घेतला तेव्हा तुम्ही सापडला नव्हतात."

आजी हसल्या. "बरा. घे. पन झाला का मना आनून ऐकव."

"ऐकवतो. इथे एक सही लागेल. नाहीतर अंगठा."

आजींचं हसू गेलं. त्यांनी दोन्ही हात लुगड्याखाली घेतले, लहान मूल हातातली वस्तू लपवतं तसे. "सही नाय. गाना ने, वाल ने, सही नाय."

सुनेने मग सांगितलं. आजींच्या सासऱ्यांनी एकदा रस्त्याच्या मोजणीचा कागद म्हणून अंगठा दिला. मोजणी झालीच नाही. दोन वर्षांनी खाडीकडच्या भाताच्या खाचरांभोवती बिल्डरची भिंत उभी राहिली. आजी तेव्हा त्याच खाचरांत लावणी करत होत्या. तेव्हापासून त्या घरात आजींच्या पिढीतल्या कोणी कशावर अंगठा ठेवलेला नाही.

सरांनी कागदाची घडी घातली. रिक्षात म्हणाले, "संपलं."

"संपलं काय? त्या हो म्हणाल्या!"

"सहीला नाही म्हणाल्या. दोन्ही त्याच म्हणाल्या."

अंधेरीवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. आवाज जिचा तिची सही, त्यांच्या छापील कागदावर, गुरुवारपर्यंत. नाहीतर दुसऱ्याचं संगीत घेऊ. मी सरांना विनवलं, पुन्हा जाऊ या, मी एकटी जाते, सुनेची सही चालते का विचारते. ते म्हणाले, "नाही म्हणालेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे विचारणं नव्हे."

बुधवारी दुपारी सर जेवायला घरी गेले होते. गाळ्यात शिक्क्याचं पॅड होतं. आजी हो म्हणाल्या होत्या, मी स्वतः ऐकलं होतं. कोणाचं नुकसान होणार होतं? उलट त्यांचं नाव येणार होतं. मी माझा डावा अंगठा पॅडवर दाबला, कागदावर उठवला, शेजारी आजींचं नाव लिहिलं, 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलं आणि कागद कुरिअरने पाठवून दिला. हात साबणाने धुतले. शाई नखाच्या कडेला राहिली.

शुक्रवारी कंपनीचा फोन सरांनी घेतला. कागद मिळाल्याबद्दल आभार मानत होते. सरांनी फोन ठेवला, माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाचा आहे?"

मी म्हटलं, "माझा."

मला वाटलं, ते ओरडतील. तीन वर्षांत त्यांनी पंख्यावरून, हेडफोनवरून, टाळीच्या आवाजावरून माझ्याशी वाद घातला होता. यावर एक शब्द नाही. चपला घातल्या आणि अंधेरीला गेले. तिथे काय बोलले ते मला सांगितलं नाही. संध्याकाळी परत आले, फ्लॉपी यंत्रात घातली आणि माझ्यासमोर पुसली. मग म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे ते."

मी काढलं.

"मेलमध्ये?"

काढलं.

"काढलेलं जिथे जातं तिथून?"

तिथूनही काढलं. प्रत्येक वेळी ते स्क्रीनला नाक लावून खात्री करत होते. संपल्यावर मी तोंडात येईल ते बोलले. तुम्हाला यश नकोच आहे, तुम्हाला नुसतं बरोबर असायचंय, तुमच्या बरोबर असण्यापायी माझी तीन वर्षं गेली. सर ऐकत होते. मी बॅग उचलली तेव्हा म्हणाले, "आजींना सांगून टाक." मी शटरखालून वाकून बाहेर पडले ती दोन वर्षं फिरकले नाही.

पुढे मला ठाण्यातच एका डबिंग स्टुडिओत काम मिळालं, आणि मग कामं मिळत गेली. पंखा होता, एसीही होता. दोन वर्षांनी त्याच अंधेरीच्या कंपनीतले ते गृहस्थ एका डबिंगला आले. चहा पिताना म्हणाले, "तुमचे ते सर काय करतात हो? विचित्र माणूस. खोटा अंगठा स्वतः उठवला आणि स्वतःच येऊन सांगितलं. आमच्या लीगलवाल्यांनी लिहूनच घेतलं त्यांच्याकडून. आता कोणी काम देणार नाही त्यांना. वर सांगत होते, की त्या मुलीला यातलं काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी कोपरीला गेले. पाटी तीच, शटर अर्धं खाली, आत रेकॉर्ड चालू. सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मी, भांडायला आलेली, ती बाजू संपेपर्यंत घाम पुसत उभी राहिले.

बाजू संपल्यावर मी ओरडले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझं नाव लपवायला? मला विचारलंत? सगळ्या जगाला विचारता, मला विचारलंत?"

सरांनी रेकॉर्ड कव्हरात घातली. "नाही विचारलं," ते म्हणाले. "चुकलं."

"का केलंत?"

"मला कामं मिळतच नव्हती. तुला मिळणार होती." मग लगेच, "आजींना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. दोन वर्षं मी त्या रस्त्याने गेलेही नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. सरांनी यंत्र चादरीत गुंडाळून बरोबर घेतलं होतं. मी विचारलं कशाला, तर म्हणाले ऐकवायचं कबूल केलंय. पुसलेला बीट त्यांनी त्याच कॅसेटवरून, आठवणीने पुन्हा बांधला होता. दोन वर्षं लागली होती.

आजी आता जास्त वाकलेल्या, पण पाट तोच, जागा तीच. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येऊन बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. कागद, पॅड, अंगठा, तुमचं नाव. सून जिन्यावर थांबून ऐकत होती, तिचा चेहरा कडक झाला.

"दाव," आजी म्हणाल्या.

मी अंगठा पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे वळवून पाहिला. मग त्याच्या शेजारी स्वतःचा धरला. सगळं आयुष्य लावणीत आणि मिठागरात गेलेला तो अंगठा गुळगुळीत होता. एक रेघ दिसत नव्हती.

"माजा अंगठा राशनच्या मशीनीला लागत नाय," आजी म्हणाल्या. "दर मयन्याला तो मानूस बोलतो, आजी तुजा उठत नाय, कोनाला तरी घेऊन ये. आन तुजा, माज्या नावानं, लगेच लागला."

मला वर बघवेना.

"असा परत करू नको," त्या म्हणाल्या आणि माझा हात सोडला. एवढंच. मग सरांकडे वळल्या. "तुजा काय? लाव."

सरांनी बीट लावला. बाईचा श्वास, बांगड्या, रेंगाळणारे ढोल. आजी मान हलवत ऐकत होत्या. चार वेळा तोच तुकडा फिरल्यावर म्हणाल्या, "पुढं?"

"पुढे हेच आहे, आजी. हे फिरत राहतं."

"हलद अर्ध्यात सोडतात का रे?" आणि त्यांनी पुढची ओळ धरली. आवाज गेलेला, घोगरा, पण सूर पक्का. शेजारच्या दोघींनी झेलली. ओळ मोठी होती, सरांचा तुकडा छोटा. ओळ संपायच्या आत ढोल पहिल्या जागी परत येऊन आदळत होते. सर अस्वस्थ झाले. एक बटण दाबलं, मग दुसरं. बोटांवर मात्रा मोजल्या. शेवटी हात वर करून म्हणाले, "आजी, एक मिनिट, इथे जरा थांबून..."

"तू गप बस," आजी गाता गाता म्हणाल्या. "आन ता बंद कर."

सरांनी यंत्र बंद केलं. तिघी गात राहिल्या. जिन्यावरची सून खाली येऊन बसली. मी सरांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या माणसाला कोणी गप केलं होतं आणि तो खरंच गप होता, मांडीवर चादर धरून, तोंड थोडं उघडं ठेवून.

परतीच्या रिक्षात ते यंत्र मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. मला वाटलं, भारावलेत. मलाही भरून आलं होतं. मी म्हणणार होते, की सर, फार बरं केलंत, आणि इतक्यात ते माझ्याकडे वळले.

"तुकडाच चुकलाय," ते म्हणाले. "श्वास ओळीचा शेवट नाहीये. पुढची ओळ त्या श्वासातच सुरू होते. म्हणजे कापायची जागाच वेगळी. सगळं पहिल्यापासून करायला लागणार. तुझं रविवारी काय असतं?"

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, मला इथेच सोडा."